भरल्या पोटाचा मासा

परवा परभनीच्या बाजारात माझ्या पोरीनं मासेवाल्याच्या घमेल्यात बोट घातलं अन् माझा जीवच गेला. घमेल्यात जित्ती मरळ व्हती, काळी, हातभर लांब, सापासारख्या डोक्याची, बिल्कुल हालत नव्हती, अन् पमी उकिडवी बसून तिच्या तोंडापाशी बोट न्यायली. मी अशी वराडले की शेजारच्या बाईच्या हातातली वांगी खाली पडली. पोरीला वढलं, पाठीत धपाटा घातला, ती रडायली, कडेवरचं तान्हं बी रडायलं, अन् मासेवाला हसून म्हनला, "ओ बाई, कशाला मारायल्यात लेकराला? सकाळीच बेंडकुळ्या खाऊन बसलीय ती. भरल्या पोटाचा मासा चावत न्हाई."

मी तिथंच रस्त्यात बसले, दोन्ही लेकरं घेऊन. हे बोलनं मी त्याच्या आदी एकाच मानसाच्या तोंडून ऐकलेलं. राहीमायच्या.

मला लिव्हायचं लय येत न्हाई. सातवीतून शाळा सुटली अन् लगीन झालं. आमचे हे म्हनतात, कशाला लिव्हतीस, कुनाच्या हातात पडलं तर? मला बी भ्याव वाटतं, न्हाई असं न्हाई. अजून नामांतराचा मोर्चा रस्त्यानं गेला, मग तो आपल्याच मानसांचा का असंना, मी आतून कडी लावते अन् लेकरांच्या तोंडावर हात ठेवते. गावाचं नाव म्हनून लिव्हत न्हाई. येलदरीच्या धरनाखाली, पूर्णेच्या काठाला हाय एवढंच. तान्हं झोपलंय तवर लिव्हते, उठलं की ऱ्हाईलं.

राहीमाय आमची नात्यातली कुनी न्हाई. बौद्धवाड्यात आमच्या भिंतीला तिची भिंत. रंडकी बाई, पोरबाळ न्हाई, वाळलेल्या तुराटीसारखी उंच, अन् बोलनं एवढं हळू की तोंडापाशी कान न्यावा लागायचा. आदी मला वाटलं घसा बसलाय. मग कळलं, जिंदगीभर पान्याकाठी बसून बसून तिला तशी सवयच लागलेली. मानसाशी बी अशी बोलायची जसं काय मोठ्यानं बोललं तर मानूस पळून जाईल. हसायची तवा तोंडावर हात. अन् समोर कुनी बी असू दे, तिची नजर त्याच्या पायाकडं. मानूस तोंडानं खोटं बोलतंय, पायानं न्हाई, म्हनायची.

मी नवीन नवरी, सासूनं सांगितलं जा राहीमायच्या रांजनातून तांब्याभर पानी आन हातपाय धुवायला. मी झाकन उचललं. आत अंधार अन् अंधारात एक डोळा. मी तांब्या टाकून अशी वराडले की सगळी आळी जमा झाली. राहीमाय आतून चुलीपुढून उठली बी न्हाई. हळूच म्हनली, "पोरी, हळू वराड. थोरली भिती."

थोरली म्हंजे ती मरळ. रांजनात पाळलेली. पान्यात अळ्या व्हऊ देत न्हाई म्हनून ठेवलीय असं सांगायची, पन ते खरं न्हाई, तिला ती लागायची. दुपारी रांजनापाशी बसून तिच्याशी बोलायची. मला म्हनली, ये, तुला दावते. तिनं एक नाकतोडा पान्यावर सोडला. तो पाय झाडायला. थोरली खाली बसलेली, हालली न्हाई. मी म्हनलं भूक न्हाई वाटतं. राहीमाय म्हनली, "सबूर. ती बघायलीय. खायाच्या आदी ती बघती. बघनं झालं की संपलं." अन् मला दिसलंच न्हाई, नुस्ता टप्प आवाज आला अन् पानी गोल फिरलं अन् नाकतोडा न्हाई. मग तिनं मेलेली माशी टाकली. ती तशीच तरंगत ऱ्हाईली. "मेल्यालं खात न्हाई ती," राहीमाय म्हनली, "मानसावानी न्हाई."

आमच्या गावाखाली नदी म्हंजे सगळा काळा खडक. वर धरनावर विजेच्या मशिनी चालू केल्या की पानी वाढायचं, खडक बुडायचे. मशिनी बंद केल्या की पानी उतरायचं अन् खडकातल्या खळग्यात डबकी ऱ्हायची, ल्हान, मोठी, काही घागरीएवढी, काही हिरीएवढी. रोज भरायचं, रोज उतरायचं. पानी उतरताना बारीक मासळी, झिंगे, डबक्यात अडकून पडायचे, अन् त्यांच्या मागं आलेले खानारे बी. राहीमाय म्हनायची हे जेवनाचं ताट हाय, देव वाढतो म्हना, सरकार वाढतं म्हना, पंगत रोज बसती. सगळ्यात मोठ्या डबक्याला आमी डोह म्हनायचो अन् त्याच्या काठावरच्या खडकाला राहीमायचा खडक. बसून बसून गुळगुळीत झालेला. सकाळी ती तिथं असायची, गळाची काठी मांडीवर, पाय पान्यात. बारीक मासे तिच्या टाचंच्या भेगा टोचून खायचे. ती म्हनायची, खाऊ दे, मी त्यांचं खाते, त्यांनी माजं खावं.

कोन कसं खातं हे तिला पाठ. शिवडा नव्या पान्याबरोबर येतो, पोटापर्यंत तोंड, मागं बघत न्हाई पुढं बघत न्हाई, आपल्याएवढा मासा गिळतो. एकदा तिनं मला दावला, डबक्याच्या काठाला मरून पडलेला शिवडा, अन् त्याच्या तोंडातून दुसऱ्या माशाची शेपटी बाहेर. ना आत गेला ना बाहेर आला. वाम दगडाच्या सांदीत, नुस्तं तोंड बाहेर, खाती तवा चोरासारखी. शिंगटीला काय बी चालतं, धुन्याच्या दगडाखालचा मळ बी. अन् मरळ. मरळीला ती थोर म्हनायची. मरळ वरती येऊन वारा पिऊन जाती, चिखलात दिसन् दिस जगती, अन् पोट भरलं की तोंड मिटती. मग तिच्या नाकावर बेंडकुळी नाचली तरी ती बघत बी न्हाई. "भरल्या पोटाचा मासा चावत न्हाई," हे ती गळ टाकायच्या आदी म्हनायची अन् गळाला काही लागलं न्हाई तरी म्हनायची, जशा बाया उठता बसता देवाचं नाव घेतात.

मानसाला बी माशाचं नाव द्यायची. आमच्या ह्यांना शिंगटी. "गावलं ते खातंय बिचारं, पन हात लावला की काटा." मला झिंगा. "तू भ्याली की उलटी पळतीस." सासूला वाम म्हनायची, तोंडावर, अन् सासू बी हसायची. मी एकदा इचारलं, तुमी कोन? म्हनली, "मी बगळा. एका पायावर हुबा ऱ्हायचा जलम."

पन एका गोष्टीत ती लय कडक. पावसाळ्यात मरळीची पिल्लं व्हतात. लाल. एकदम लाल, गुलाल सांडल्यासारखा घोळका पान्यावर नुस्ता उकळत असतो, अन् खाली दोघं मायबाप राखन करतात. गावातली पोरं तवा मुद्दाम गळ टाकायची, कारन त्या दिसात मरळ लगेच चावती. राहीमाय त्यांच्या अंगावर खडे मारायची. मला म्हनली, "आता ती भुकेनं चावत न्हाई ग, रागानं चावती. पिल्लापायी. रागानं तोंड उघडलेल्याला धरू न्हाई. पिल्लं काळी झाल्यावर मग बघू."

मी म्हनलं, काळी झाल्यावर काय व्हतं?

"मग ती इसरती. घोळका सोडून जे पिल्लू गेलं ते खाती. आपलं का दुसऱ्याचं, बघत न्हाई." अन् तोंडावर हात ठेवून हसली. मला काय हसू आलं न्हाई. मी तवा गरवार व्हते.

आमच्याकडं बाळंतिनीला दूध याया मरळीचं कालवन देतात. ते काय नुस्तं आमच्याच लोकात न्हाई. गावात कुनाची बी सून बाळंत झाली की राहीमायला सांगावा यायचा, अन् श्रावन असू दे, शनवार असू दे, बाळंतिनीला माफ असतंय. फकस्त मागच्या दारानं. मी एकदा तिच्यासंगं पाटलाच्या घरी गेलते, तेव्हाचं ध्यानात हाय. पाटलाच्या लेकीचं बाळंतपन व्हतं. पाटलीनबाईनं उंबऱ्यावर पातेलं ठेवलं अन् मागं सरकली. राहीमायनं घमेल्यातली मरळ धरून वरून सोडली, पातेल्याला हात लागू न देता. अन् मग पाटलीनबाईनं तांब्यात बोटं बुडवून त्या माशावर पानी शिंपडलं अन् पातेलं आत नेलं.

परत येताना राहीमाय एवढी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. "मासा पान्यातला," ती म्हनायली, "जलमभर पान्यात ऱ्हायलेला, अन् ही त्याला धुवायली! चार थेंबात माज्या हाताचा इटाळ गेला म्हनं!" मला राग आलेला. मी म्हनलं, तुमाला चीड येत न्हाई? तर म्हनली, "खानारं लेकरू शिंपडत न्हाई ना. ते नुस्तं चोखतंय. धाकला पाटील बापू कुनाच्या माशावर वाढलाय, इचार तिला. पाटलीनीला त्याच्या येळी थेंब नव्हता दुधाचा. रोज मी दिली मरळ."

हा बापू म्हंजे पाटलाचा धाकला लेक. मी त्याला बघितलं तवा कालेजात जायचा, लगीन बी झालेलं, फटफटी व्हती त्याच्यापाशी. ल्हानपनी डोहावर यायचा म्हनं अन् लांबून हाका मारायचा, राहीमाय, मासा दाव. मोठा झाल्यावर बी फटफटी थांबवून इचारायचा, "काय राहीमाय, लागला का शिवडा?" ती खूश व्हायची. म्हनायची, त्याचा पाय बघ, अजून लेकराचा हाय.

मग ते नामांतराचं झालं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं अन् लोकाचं डोकं फिरलं. आमाला तर विद्यापीठ म्हंजे काय हे बी ठाव नव्हतं, आमच्या वाड्यातला एक बी तिथं शिकत नव्हता. रेडिओवर ऐकलं अन् आमी आनंद बी केला न्हाई, करायला येळच न्हाई घावला. पलीकडच्या गावात घरं पेटवली. धूर आमाला नदीवरून दिसायचा. मी बाळंत झालेली, पमी नुस्ती मुठीएवढी, अन् कुनीतरी वराडलं आले आले, अन् मी पोरीला घेऊन तुरीत जाऊन बसले, दिवसभर, तिच्या तोंडावर पदर दाबून. कुनी आलं न्हाई. पन मी घरी आले अन् पोरीला अंगावर घेतलं तर दूध न्हाई. भ्यावानं आटलं. ती चोखायची, सोडायची, वराडायची. मग वराडायचं बी बंद झालं, नुस्ता तोंडाचा आ करायची. ते मला आजून सपनात दिसतंय.

गावानं आमाला वाळीत टाकलं. गिरनी बंद, दुकान बंद, शेतावर काम बंद, हिरीवर जाऊ देईनात. वरच्या आळीत म्हशी व्हत्या, आमचे हे वाटीभर दूध मागायला गेले तर त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. सासू पीठ पान्यात कालवून फडक्यानं पोरीच्या तोंडात पिळायची. पोरीचं डोकं मोठं दिसायलं अन् हातपाय बारीक.

राहीमाय आली. पोरीच्या पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "भिऊ नको," म्हनली, "पाझर दगडाला बी फुटतो. मी हाय ना, डोह हाय ना."

ती रोज जायची. शिंगटी आनायची, बारीक मासळी आनायची, सगळ्या वाड्याला त्या डोहानंच जगवलं त्या दिसात. सासू रस्सा करून मला पाजायची. पन पाझर फुटंना. मरळच पायजे, सासू म्हनायची, मरळीबिगर न्हाई. अन् डोहात मरळ व्हती. सगळ्यांनी बघितलेली. पन तिच्यावर लाल घोळका उकळत व्हता.

मी राहीमायशी तवा लय वाईट बोलले. म्हनलं, "माजी पोरगी मरायलीय अन् तुमी माशाची पिल्लं राखायल्यात?" तिनं पमीचा पाय हातात धरला. म्हनली, "चार दिस सबूर कर सुमन. कडंची पिल्लं काळी पडायलीत. आता माय उचलली तर सगळी जातील, मग फुडच्या साली कुनाच्या बाळंतिनीला देऊ?" सासू म्हनली, थोरली कापा की मग, रांजनातली. राहीमायनं ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं अन् उठून गेली.

आमच्या ह्यांचं अन् बाकीच्या मानसांचं चाललेलं की डोहावर पाळी लावून राखन करावी. तुरीत लपलेल्या मानसांना कशाचा बी भरोसा नव्हता. राहीमायनं त्यांना येड्यात काढलं. "डोहाला कशाला हात लावतील? आमाला भूक हाय, त्यांना कुठं भूक हाय? दान्याच्या कनग्या भरल्यात त्यांच्या. भरल्या पोटाचा मासा चावत न्हाई. अन् बापूची बायको बी दोन जिवाची हाय, पाटलीनीला उद्या मागच्या दाराला मीच लागनार हाय. डोह मारून त्यांची सून काय खाईल?"

आमाला पटलं. आमचे हे बी म्हनले, म्हातारी बरोबर बोलायलीय. कुनी राखनीला गेलं न्हाई.

त्या सकाळी मी पोरीला घेऊन दारात बसलेली. नदीकडून वास आला. कपाशीवर औषध मारतात ना, तसा. अन् राहीमायची किंचाळी. तिचा मोठा आवाज मी तवा पहिल्यांदा ऐकला. पळत गेले तर डोहावर सगळं पांढरं, पोटं वर केलेले मासे, शिंगट्या, झिंगे, वामा सांदीतून बाहेर येऊन पिळा पडलेल्या. मरळ कडंला आडवी, अजून कल्ले हालत व्हते. अन् ती लाल पिल्लं, तो गुलाल सगळा, खडकाला चिकटलेला.

उपाशी मानसं ती. टोपल्या घेऊन धावली. एवढे मासे बघून कोन थांबनार? राहीमाय कमरंएवढ्या पान्यात हुबी, गळाची काठी हातात, अन् जो वाकंल त्याच्या पाठीत हानायली. बायाला हानलं, पोराला हानलं, आमच्या ह्यांच्या कानाखाली मारली. "इख हाय! इख हाय मुडद्यांनो! खाऊ नका!" एक म्हातारा रडायला, म्हनला राहे, मरू दे ग, पोटभर खाऊन मरू दे. तिनं त्याची टोपली हिसकून लांब फेकली. पानी वाढून सगळं वाहून जाईस्तवर ती तिथून हालली न्हाई, घारी हाकलत, कुत्री हाकलत. वर आली तवा पाय भाजल्यागत लाल झालेले.

खडकावर रिकामा डबा पडलेला. कुनी टाकलं ते गुराख्यानं सांगितलं. बापूनं. संगं दोघं हसायला व्हते, पन डबा त्यानं आपल्या हातानं रिकामा केला. फटफटीवर आला अन् फटफटीवर गेला.

मला वाटलं राहीमाय शिव्या देईल, छाती बडवील. ती माझ्या दारात येऊन बसली, लुगड्यातून पानी गळायलं, अन् मलाच इचारायली, खरंच इचारायली, जसं मला ठाव असंल, "त्याला भूक व्हती का ग?"

मी तिच्या पदराचं पानी पिळलं.

"त्याच्या पिल्लाला कुनी हात लावला व्हता का? न्हाई ना? मग का चावला?"

मी म्हनलं, राहीमाय, उठा, वलं सोडा. ती उठली अन् आपल्या घरात गेली. मग भिंतीपलीकडून मला आवाज आला. रांजनाचं झाकन. मग पान्यात हात घातल्याचा. मग लय येळ काहीच न्हाई. ती तिच्याशी बोलायली व्हती, पन एवढं हळू की भिंतीला कान लावून बी मला कळलं न्हाई. मग विळ्याचा आवाज.

लसून अन् येसर मसाला घालून तिनं सोताच्या हातानं कालवन केलं, सासूला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. पातेलं माझ्यापुढं ठेवलं अन् समोर बसली. भाकर नव्हती, पीठच नव्हतं. मी नुस्ता रस्सा प्याले, तुकडे खाल्ले. मला त्या रांजनातला डोळा दिसायला. मी म्हनलं तुमी बी घ्या दोन घास. म्हनली, "माजं पोट भरलंय." तिच्या पोटात दोन दिसाचं काही नव्हतं, आमाला ठाव व्हतं. मी सगळं खाईस्तवर ती माझ्या तोंडाकडं बघत बसली, पायाकडं न्हाई. काटे बी मोजून घेतले अन् रांजनाच्या बुडाशी पुरले.

मला पाझर फुटला. पमी प्याली, तिला ठसका लागेस्तवर प्याली. राहीमायला सांगायला गेले तर ती रिकाम्या रांजनात बघत बसलेली. म्हनली, "कळलं मला. पोरगी गप झाली तवाच कळलं."

पुढं पोलिसाची गाडी येऊन गेली, हिरीवर जाऊ द्यायले, पन आमच्या ह्यांनी ठरवलं आता हितं ऱ्हायचं न्हाई. परभनीला मोंढ्यात हमालीचं काम व्हतं. आमी राहीमायला म्हनलं चला संगं. म्हनली, "तिथं खडक हाय का?" बसायला लागली पुन्ना रोज डोहावर. नव्या पान्याबरोबर नवी मासळी येतीच, ती म्हनायची. पन गळ टाकायच्या आदी ती काही बोलायची न्हाई आता. ते बोलनं तिनं सोडलं.

बापूची बायको बाळंत झाल्याचं आमाला सुईनीकडून कळलं. पोरगा झाला. अन् तिला बी दूध न्हाई. मी हसले. खोटं कशाला बोलू, मी अशी हसले की पमी दचकली. एक दिस पाटलीनबाई सोता आमच्या वाड्याच्या तोंडाशी आली, आत न्हाई, बाभळीपाशी हुबी ऱ्हाईली, डोक्यावरचा पदर दातात धरून. "राहे, सुनेला पाझर फुटंना ग."

राहीमाय आपल्या दारातून म्हनली, "बापूला इचारा. त्यानं लय मासे मारल्यात."

पाटलीनबाई दचकली बी न्हाई. म्हंजे तिला ठाव व्हतं. तशीच मान खाली घालून गेली. सगळा वाडा दारात हुबा राहून बघायला व्हता, कुनीतरी शिट्टी मारली. मला एवढं बरं वाटलं की मी राहीमायच्या गळ्यात पडले. तिनं मला धरलं न्हाई, ढकललं बी न्हाई. म्हनली, "तिचा पाय सुजलाय. लय चाललीय वाटतं."

आमी निघालो ती सकाळची येळ. फाट्यावर यस्टी धरायची म्हनून बांधाबांधानं चाललेलो, आमच्या ह्यांच्या डोक्यावर ट्रंक, माझ्या कडेवर पमी. रात्रीच राहीमायचा निरोप घेतलेला, सकाळी तिचं दार लोटलेलं दिसलं, म्हनलं डोहावर गेली असंल. वाट पाटलाच्या घराच्या मागून जाती. मी कडब्याच्या गंजीपाशी आले अन् ती मला दिसली. पाटलाच्या मागच्या दारात. हातात घमेलं.

मी ह्यांचा सदरा धरून वढला, आमी गंजीमागं थांबलो. मला वाटलं मी तिला हाक मारीन, नरड्यापर्यंत आली व्हती, की राहीमाय, लाज वाटती का न्हाई, थोरली कुनामुळं कापलीस, त्या पिल्लांचं काय झालं इसरलीस का. तो राग माझा आजून गेला न्हाई. परभनीत रोज चूल पेटवताना मी तिच्याशी भांडते. पन तवा भ्यावानं माझं तोंड उघडलं न्हाई, कारन अंगनात बापू हुबा व्हता, तोंडात कडूनिंबाची काडी, अन् तो राहीमायकडं बघत नव्हता. खाली बघायला व्हता, आपल्याच पायाकडं. घरातून लेकराचं रडनं यायलेलं, बारीक, चिरकं, पमीचं व्हतं तसंच.

पाटलीनबाईनं उंबऱ्यावर पातेलं ठेवलं अन् मागं सरकली. राहीमायनं मरळ धरली, इख पडल्यापासून डोहात आलेली पहिली मरळ असंल ती, चांगली हातभर, अन् वरून सोडली, पातेल्याला हात लागू न देता. ती मरळ आत फडफडली, मग गप झाली.

अन् पाटलीनबाईनं तांब्यात बोटं बुडवली अन् तिच्यावर पानी शिंपडलं.